बंदुकीच्या अंगावरचे दप्तर

जुन्या रायफली जमविणारा माणूस म्हटला की भिंतीवर टांगलेली हत्यारे, शेजारी वाघाचे कातडे आणि मिशीला पीळ देणारा यजमान असे काहीसे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वाचकहो, ज्या छांदिष्टांविषयी मी आज सांगणार आहे ते या चित्रात बसत नाहीत. त्यांच्या टेबलावर भिंग, फूटपट्टी आणि वही ही आधी दिसतील, बंदूक मागाहून. बंदूक उडते कशी यापेक्षा तिच्यावर लिहिले आहे काय, याची त्यांना अधिक काळजी. हा रिकामटेकडेपणा नव्हे, हे कळण्यासाठी आधी एका रात्रीची हकीकत सांगितली पाहिजे.

१४ एप्रिल १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी बर्लिनजवळच्या पोट्सडॅम शहरावर बाँबवर्षाव केला. प्रशियाच्या सैन्याचा दप्तरखाना याच गावात होता. त्या आगीत त्यातले बहुतेक कागद जळून गेले. बव्हेरियाच्या सैन्याचे दप्तर म्युनिकला वेगळे होते, ते वाचले. पण जर्मन सैन्यात मोठा वाटा प्रशियाचा. कोणत्या पलटणीला कोणत्या साली कोणती रायफल मिळाली, ती पुढे कुणाकडे गेली, असले प्रश्न विचारावेत तर उत्तर देणारा कागद बहुधा नाहीच. उरले काय? उरले लोखंड. आणि जर्मन लष्कराच्या कारकुनी शिस्तीची कमाल अशी, की त्या लोखंडावरच अर्धेअधिक दप्तर ठोकून ठेवलेले आहे.

ही कथा सुरू होते ती झ्योमेर्डा गावच्या ड्रायसे नावाच्या कारागिरापासून. त्याने मागून भरायची बंदूक तयार केली. त्या वेळी बहुतेक सगळ्या जगाचे सैन्य ठासणीच्या बंदुका वापरीत होते. उभे राहायचे, नळीच्या तोंडातून दारू घालायची, वरून गोळी गजाने ठासायची, मग टोपी बसवायची. ड्रायसेच्या बंदुकीत कागदी काडतूस मागून सरकवायचे. चाप ओढला की एक लांब सुई कागद भेदून, दारूतून आरपार जाऊन गोळीच्या बुडाशी बसविलेल्या स्फोटक टिकलीवर आदळायची. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शिपायाला आडवे पडून बार भरता येऊ लागला. प्रशियाने १८४१ मध्ये ती स्वीकारली आणि नाव ठेवले ‘हलकी टोपीची बंदूक’. सुईचा उल्लेखच नाही! मुद्दाम दिशाभूल करणारे नाव. खरे ‘सुईची बंदूक’ हे नाव सरकारी कागदांत आले ते १८५५ साली. मधल्या काळात, जून १८४८ मध्ये, बर्लिनच्या जमावाने शस्त्रागारावर हल्ला केला आणि या गुप्त बंदुकांपैकी काही पळविल्या, तेव्हा गुपित कितपत गुपित राहिले हा प्रश्नच आहे. पुढे १८६६ मध्ये क्योनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या ठासणीच्या बंदुकांपुढे हिने काय केले ते इतिहासाच्या पुस्तकांत आहेच.

फ्रान्सशी १८७०-७१ चे युद्ध झाले तोवर सुईची बंदूक म्हातारी झाली होती. मग आली नेकार नदीकाठच्या ओबर्नडोर्फ गावच्या विल्हेल्म आणि पाउल माउझर या भावांची १८७१ ची रायफल. अकरा मिलिमीटरची, एकबारी, धातूच्या काडतुसाची. संग्राहकांचा खरा खजिना इथून सुरू होतो.

समजा, अशी एक रायफल आपल्यापुढे आहे. तिच्यावर कारखान्याचे नाव सापडते: श्पांडाऊ, एरफुर्ट, डान्झिग (म्हणजे आजचे पोलंडमधले ग्दान्स्क), बव्हेरियातले आम्बेर्ग, नाहीतर खासगी कारखान्यांपैकी एखाद्याचे. शेजारी साल. डाव्या बाजूला जुन्या गॉथिक अक्षरांत नमुन्याचे नाव. मुकुट आणि त्याखाली राजाचे आद्याक्षर: विल्हेल्मचे असेल तर प्रशिया, लुडविगचे असेल तर बव्हेरिया, आल्बर्टचे असेल तर सॅक्सनी, कार्लचे असेल तर व्ह्युर्टेंबर्ग. साम्राज्य एक झाले तरी युद्धखाती चार होती, ते असे लोखंडावर दिसते. मग मुकुटाखाली बारीक एकेक अक्षर. ही तपासनिसांची सही. नळी तपासणारा एक, जोडणी तपासणारा दुसरा.

आता दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी पाहा. तिथे बहुधा असे काही ठोकलेले असते: ‘८२. आर. ५. ३४.’ म्हणजे ब्याऐंशीवी पायदळ रेजिमेंट, पाचवी कंपनी, चौतिसावे हत्यार. आधी ‘बी’ असेल तर रेजिमेंट बव्हेरियाची. ब्याऐंशीव्या रेजिमेंटची छावणी गटिंगेनला होती, तेच विद्यापीठाचे आणि गणितज्ञांचे गटिंगेन. पुष्कळदा या शिक्क्यावर आडवी रेघ मारलेली असते आणि शेजारी दुसऱ्याच तुकडीचा शिक्का असतो. म्हणजे रायफल बदलून गेली. नवशिक्याला ही रेघ म्हणजे खराबी वाटते. जाणत्याच्या दृष्टीने ते चरित्रातले दुसरे प्रकरण होय.

अंकांचीही गंमत आहे. पुढच्या काळात, विशेषतः १८८८ च्या नमुन्यात, प्रत्येक कारखाना दर वर्षी पुन्हा एकपासून मोजणी सुरू करी. दहा हजार झाले की पुन्हा एक, पण मागे ‘ए’. मग ‘बी’, मग ‘सी’. तेव्हा एखाद्या रायफलीवर ४३२१ आणि मागे ‘सी’ असेल तर ती त्या कारखान्याची त्या वर्षातली ३४,३२१ वी. आता निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी आपापल्या रायफलींचे कारखाना, साल, अंक आणि अक्षर एकत्र लिहिले, तर दर वर्षी किमान किती रायफली निघाल्या याचा अंदाज कागद जळाले असतानाही बांधता येतो. एकाच्या संग्रहातल्या एका रायफलीला फारसा अर्थ नसतो, शेकडोंच्या यादीत तिला अर्थ येतो. म्हणून मी यांना संग्राहकांपेक्षा नोंदकारच म्हणेन.

या नोंदींना किती वजन असू शकते याचे एक उदाहरण देतो. १८८८ ची रायफल आठ मिलिमीटरची, बिनधुराच्या दारूची. ती घाईने तयार झाली आणि सुरुवातीला नळ्या फुटल्याच्या तक्रारी आल्या. दोष आराखड्यात होते, काडतुसांतही होते. बर्लिनच्या लुडविग लोव्हे कंपनीने या रायफली सव्वाचार लाखांच्या घरात बनविल्या, आणि कंपनीचे मालक ज्यू होते. तेवढे पुरले. १८९२ मध्ये हेर्मान आल्वार्ट नावाच्या गृहस्थाने पुस्तिका काढून आरोप केला की ज्यूंनी जर्मन सैन्याचा घात करण्यासाठी मुद्दाम सदोष बंदुका पुरविल्या. खटला झाला, आल्वार्टला पाच महिन्यांची शिक्षा झाली; आणि त्याच सुमारास लोकांनी त्याला संसदेवर निवडूनही दिले!

न्यायालयाचा निकाल लोक विसरतात. रायफली मात्र आहेत. लोव्हेचे नाव आणि १८९१ साल असलेली रायफल हातात घ्या. तिच्यावर सरकारी तपासनिसांचे तेच मुकुट आहेत जे श्पांडाऊच्या रायफलीवर आहेत. पुढे नळीच्या मागच्या टोकाशी ‘एस’ हे अक्षर सापडले, तर १९०३ नंतर आलेल्या टोकदार गोळीच्या काडतुसासाठी तिची नळी दुरुस्त केली, असा त्याचा अर्थ. म्हणजे ‘घातकी’ ठरविलेली रायफल बारा वर्षांनंतरही नव्या काडतुसासाठी सज्ज करण्याच्या लायकीची होती. यातल्या कित्येक पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानला दिल्या गेल्या.

जुने माल दूर दूर जातात. १८७१ च्या सुमारे नऊशे रायफली हँबुर्गहून विकत घेतलेल्या, २६ जुलै १९१४ रोजी आयर्लंडच्या हाउथ बंदरात उतरल्या आणि १९१६ च्या डब्लिनच्या उठावात वाजल्या. आपला संबंध पूर्व आफ्रिकेत येतो. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघालेली हिंदी फौज नोव्हेंबरच्या आरंभी टांगा बंदराशी जर्मन वसाहतीच्या सैन्याला भिडली आणि हरली. समोरच्या आफ्रिकी शिपायांपैकी अनेकांच्या हातात याच जुन्या, काळ्या दारूच्या रायफली होत्या. प्रत्येक बाराबरोबर धुराचा ढग उठून उडविणाऱ्याची जागा उघडी पडायची. तरीही.

आता उपद्रवाविषयी. शिक्क्यांना गंजापेक्षा मोठा शत्रू म्हणजे उत्साही मालक. तो पॉलिशपेपर घेतो, काळसर झाक घासून नळी चांदीसारखी करतो, दस्ता तासतो, आणि न जुळणारा बोल्ट टाकून दुसरा बसवितो. तासाभराच्या कौतुकात शंभर वर्षांची साक्ष पुसली जाते. अंक जुळत नसतील तर तसे लिहावे. जुळविण्याच्या भानगडीत पडू नये. दुसरा उपद्रव खोट्या शिक्क्यांचा. प्रसिद्ध पलटणीच्या शिक्क्याला भाव येतो, म्हणून तो नव्याने ठोकणारे आहेतच. अशा वेळी गंजाच्या खळग्यांकडे पाहावे. खरा शिक्का आधीचा, खळगे नंतरचे. शिक्क्याची रेघ खळग्यावरून स्वच्छ कापत गेली असेल तर संशय घ्यावा.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमामुळे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण नोंद करायला मालकी कशाला हवी? संग्रहालयात किंवा एखाद्या जुन्या घराण्याच्या परवानाधारक वंशजाकडे अशी रायफल दिसली, तर परवानगी घेऊन शिक्क्यावर पातळ कागद धरा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवा. अक्षरे कागदावर उतरतात. छायाचित्र काढायचे तर दिवा समोरून नको, कडेने धरावा. उथळ शिक्का तिरक्या उजेडातच दिसतो. प्रत्येक भागावरचा अंक वेगवेगळा लिहावा, पुसट असेल तिथे अंदाजाने भर न घालता जागा मोकळी सोडावी, आणि कागदाच्या कोपऱ्यात तारीख व गाव घालावे.