अजिंठ्याचा गाइड आणि भिंतीची साक्ष

अजिंठ्याला येणाऱ्या बहुतेकांनी लेण्यांवरचे पुस्तक वाचलेले नसते. त्यांच्यापुरता गाइड हाच इतिहासकार. काही वर्षे तेथे गाइड म्हणून काम केल्यावर, तोंडी चालत आलेली आमची ठरावीक वाक्ये मी पुराव्याशी ताडून पाहू लागलो. त्यांपैकी तीन येथे घेतो.

पहिले : ‘वाघाच्या शिकारीला आलेल्या इंग्रजाला लेणी सापडली.’ जॉन स्मिथने दहाव्या लेण्यातील खांबावर स्वतःचे नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. आज ती अक्षरे माणसाच्या उंचीहून वर दिसतात. कारण तेव्हा लेण्यात दगडमातीचा थर साचला होता व तो त्यावर उभा होता. वाघ ऐकून लोक हसतात. ही उंची दाखवली की थबकतात.

दुसरे : ‘सगळी लेणी दोन हजार वर्षांची.’ नववे-दहावे लेणे सातवाहनकालीन आहे. पण पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे ही प्रसिद्ध चित्रांची लेणी पाचव्या शतकातली. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख सोळाव्या लेण्यातच आहे.

तिसरे : ‘रंग झाडपाल्याचे, म्हणून टिकले.’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटते. रंग मुख्यतः खनिज आहेत : गेरू, पिवळी व हिरवी माती, चुना. काळ्यासाठी काजळी आणि निळ्यासाठी लाजवर्द, म्हणजे लॅपिस लाझुली; तो अफगाणिस्तानाकडून येई. चित्रांखाली आहे तो भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेला मातीचा गिलावा. तो वाळल्यावर पांढरा हात देऊन वर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग दिले. म्हणजे रंग दगडात मुरलेला नाही; मातीच्या पापुद्र्यावर बसलेला आहे. ओल, कीड, माणसाचा स्पर्श यांनी तो सुटतो.

नकलांचा आधार धरावा, तर तोही तोकडा. रॉबर्ट गिलने १८४४पासून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५मध्ये लंडनमध्येच जळाल्या.

‘अमर रंग’ ऐकलेला प्रवासी भिंतीला निर्धास्त हात लावतो. तुसाची माती आहे असे सांगितले, की तोच हात मागे घेतो. हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून गाइडच्या परीक्षेत सनावळीइतकेच गिलाव्याचे ज्ञानही तपासले जावे, असे माझे मत आहे.