पुढचे पुस्तक कोणते?

"सध्या काय वाचतेस?" हा प्रश्न मला आयुष्यात प्रथम विचारला गेला तो महाविद्यालयात आल्यावर. प्रथम वर्षाचा तिसरा का चौथा आठवडा होता आणि मी ग्रंथालयाच्या खिडकीपाशी रांगेत उभी होते. विचारणारी माझ्याच वर्गातली. "जेवलीस का?" असे विचारावे इतक्या सहज तिने ते विचारले. मला मात्र घाम फुटला. आमच्या घरात वाचणारे असे कोणी नाही. वडील गवंडीकाम करतात. त्यांना सही येते आणि विटा-सिमेंटचा हिशेब तोंडी येतो. आई चौथी शिकलेली. घरातला छापील मजकूर म्हणजे भिंतीवरचे कालनिर्णय, देव्हाऱ्यातली एक पोथी आणि माझी शाळेची पुस्तके. एक पुस्तक संपल्यावर दुसरे कोणते घ्यायचे, हे कोणीतरी कोणाला तरी सांगावे लागते हेच मला ठाऊक नव्हते. ते कसे सांगितले जाते, आणि पूर्वी कसे सांगितले जात असे, याविषयी गेल्या दीड-दोन वर्षांत जे उमगले ते येथे मांडते.

प्रथम वाटले की याची सोय ग्रंथालयाने केलेलीच असेल. तशी ती आहेही. मेल्विल ड्यूई या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली सर्व ज्ञानाची दहा घरांत वाटणी केली. त्यातले आठशे हे घर साहित्याचे. त्यात ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि पुढे तीनचा आकडा आला की कादंबरी. हे कळल्यावर मला गावातल्या घराचा पत्ता सापडल्यासारखा आनंद झाला. परंतु ८९१.४६३ या घरात शिरल्यावर तेथे शेकडो माणसे पाठ फिरवून उभी! तालिकेत लेखकाचे नाव शोधा, नाहीतर पुस्तकाचे नाव शोधा. पण ज्याला दोन्ही ठाऊक नाहीत त्याने काय शोधावे? ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच तालिका सांगते.

मग मी एक युक्ती काढली. पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. जिच्यावर शिक्के जास्त ते पुस्तक लोकांनी जास्त वाचलेले, म्हणून चांगले, असा माझा सरळ हिशेब. दोन महिने मी चिठ्ठ्या बघून पुस्तके नेली आणि कंटाळून परत केली. पुढे ध्यानात आले की भरगच्च चिठ्ठ्यांवरचे बहुतेक शिक्के फेब्रुवारी-मार्चचे आहेत. ती सारी कधी ना कधी अभ्यासक्रमाला लागलेली पुस्तके होती! लोकांनी ती वाचली होती खरी, पण कोणाच्या आवडीने नव्हे.

या प्रश्नावर आपल्या देशात ज्यांनी आयुष्यभर विचार केला ते शियाळी रामामृत रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्यांच्या नियमांचा आशय माझ्या भाषेत सांगायचा तर असा, की वाचकाला जसा पुस्तकाचा हक्क आहे तसा पुस्तकालाही वाचकाचा हक्क आहे. कपाटात पडून राहिलेल्या पुस्तकाचे कोठेतरी एक माणूस वाट पाहत असते आणि दोघांची गाठ घालून देणे हे ग्रंथालयाचे काम. म्हणूनच ते वाचकाला कपाटापर्यंत जाऊ द्यावे, हाताळू द्यावे या मताचे होते. आमच्या गावातल्या वाचनालयात कपाटांना कुलपे आहेत. किल्ली ज्यांच्याकडे असते ते बहुधा रानात असतात. शिवाय ओट्यावर पुरुष मंडळी वर्तमानपत्र वाचत बसलेली; मुलगी तेथे गेलेली मी तरी पाहिली नाही. मीही गेले नाही. यात वाचनालयाचा दोष किती आणि माझ्या भित्रेपणाचा किती, हे अजून मला नीट ठरवता आलेले नाही.

मात्र महाराष्ट्रात हे काम आजचे नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये निघाले. पुढे १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अ, ब, क, ड असे वर्ग पडून त्याप्रमाणे अनुदान मिळू लागले. हा इतिहास अभिमानाचा आहेच. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक लहानशी घटना. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा नेहमी वाचत बसे. तेथे येणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे त्याच्याकडे लक्ष गेले. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके सुचवली, आणि पुढे तो परीक्षा पास झाला तेव्हा त्याच्या सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. त्या एका पुस्तकाने त्यांच्या मनात जे बीज पडले ते १९५६ पर्यंत कसे वाढत गेले हे आपण सर्व जाणतो. केळुसकरांनी काय केले? तर एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला ओळखले. अनुदान, कायदा, वर्गीकरण यांपैकी काही त्या बागेत नव्हते.

याच केळुसकरांनी भीमरावांसाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला होता. त्या महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणवून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. त्यातली फिरती ग्रंथालये मला फार आवडतात. लाकडी पेटीत पुस्तके भरायची आणि पेटी गावोगाव पाठवायची. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००९ साली, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' या नावाने पुन्हा पेट्याच काढल्या. एका पेटीत शंभर पुस्तके. ती वाचकांच्या एका गटाकडे राहते आणि काही महिन्यांनी गट आपसांत पेट्या बदलतात. या पेट्या पुढे दुबईच्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. यातली खुबी अशी, की पेटीत जे असेल तेच वाचावे लागते आणि तीच पुस्तके शेजाऱ्यानेही वाचलेली असतात. त्यामुळे जिन्यात भेट झाली की बोलायला विषय तयार! भिलारला २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे, घराघरांत कपाटे आहेत. पण पाहुणा येतो, चाळतो आणि संध्याकाळी निघून जातो. ते पाहण्याजोगे असेलही, तरी मला पेटीच पसंत आहे.

असो. आता आमच्या पेटीविषयी सांगते.

आमच्या ग्रंथालयात एका बीटी कार्डावर एका वेळी एकच पुस्तक मिळते, सात दिवसांसाठी. शेवटचा तास संपल्यापासून गावाकडची एस.टी. लागेपर्यंत आम्हा सहाजणींना सव्वा तास स्टँडवर काढावा लागतो. सहा कार्डे म्हणजे सहा पुस्तके. ती आपसांत फिरवली तर एकीच्या वाट्याला एकाऐवजी सहा येतात, हा शोध आटपाडीकडून येणाऱ्या मैत्रिणीचा. हे नियमात बसत नाही, कारण ज्याच्या नावावर पुस्तक त्यानेच ते वाचावे अशी अपेक्षा असते. ग्रंथपाल सरांना हे आता छापील स्वरूपात कळत आहे, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते.

सुरुवातीला आम्ही एकमेकींना "छान आहे, वाच" इतकेच सांगत होतो. या शिफारशीने माझे नुकसानच केले. सगळीकडे नाव ऐकून मी 'कोसला' नेले. तीस-पस्तीस पानांवर अडकले. सर्वांना आवडते ते मला कळत नाही, म्हणजे वाचन हे आपल्या घरच्यांचे काम नव्हे, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि जवळजवळ महिनाभर पुस्तकाला हात लावला नाही. (पुढे वर्षाने तेच पुस्तक मी दोन रात्रींत संपवले. दोष 'कोसला'चा नव्हता.) तेव्हा त्या आटपाडीच्या मैत्रिणीने माझ्या हातात 'बनगरवाडी' ठेवले. छान आहे, थोर आहे, असे काही ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "यात मेंढरं हायत. तुझ्या मामांकडं हायत न्हवं? मग तुला कळंल." व्यंकटेश माडगूळकरांचे हे पुस्तक १९५५ चे. धनगरांच्या वाडीवर नोकरीला गेलेल्या तरुण मास्तराची ती कथा. मी ते एस.टी.त सुरू केले आणि माझा फाटा मागे गेला तरी मला कळले नाही.

तेव्हापासून आम्ही एक दोनशे पानी वही घातली. पुस्तक वाचणारीने त्यात दोनच गोष्टी लिहायच्या: हे कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये. चांगले-वाईट लिहायला मनाई! "जिची थोरली बहीण सासरी गेली आहे तिला द्या." "परीक्षेच्या आठवड्यात कोणालाच देऊ नका." "पहिली वीस पाने गाळली तरी चालेल, हे सरांना सांगू नये." अशा नोंदी आहेत. मोबाईलवर मुखपृष्ठांचे फोटो आम्हीही पाठवतो, पण वहीत लिहिताना समोर एक विशिष्ट तोंड आणावे लागते.

गेल्या पावसाळ्यात एक अपघात झाला. माझ्या कार्डावरचे 'बलुतं' एकीच्या हातून एस.टी.च्या बाकावर राहिले. गाडी डेपोत गेली, पुस्तक मिळाले नाही. त्या संध्याकाळी आमचे मंडळ मोडायच्या बेतात आले होते. कोणाच्या निष्काळजीपणाचे पैसे कोणी भरायचे? माझ्या घरी तर पुस्तक हरवणे म्हणजे पुस्तकांच्या नादावरच बोट. शेवटी सहाजणींनी सारखी वर्गणी काढली आणि नवी प्रत जमा केली. दया पवारांचे हे १९७८ चे आत्मकथन त्यामुळे आम्ही दोनदा वाचले. फुकटचे पुस्तक आणि पैसे भरलेले पुस्तक यांच्या वाचनात थोडा फरक पडतो, हे आम्हा सर्वांचे मत!

वहीतली सर्वांत नवी नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे, पण ती माझी नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' घरी नेले होते. रात्री भाकऱ्या होत असताना मी ते मोठ्याने वाचत असे. आई प्रथम ऐकत नसल्यासारखे दाखवी. चौथ्या दिवशी मी पुस्तक उघडले नाही तेव्हा तिनेच विचारले, "आज न्हाई व्हय लक्षीमबाई?" पुस्तक संपल्यावर मी वही काढून तिला विचारले की हे कोणाला द्यावे. तिने परातीतले पीठ मळता मळता सांगितले, "शेजारच्या काकूला दे. तिचा बी नवरा असाच तिरसट हाय. पर तिला वाचाया येत न्हाई, तवा तू जाऊन वाच."

मी तसेच लिहून घेतले. दर रविवारी दुपारी मी काकूंकडे जाते. पुस्तकाची मुदत दोनदा वाढवून घेतली आहे आणि अजून अर्धे व्हायचे आहे, कारण काकू मध्येच थांबवून स्वतःचे सांगू लागतात.