जुना राउटर आणि मागची खोली

मानपाडा कोठे आहे, असे कोणी विचारले तर काय सांगाल? एक मानपाडा ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर आहे. दुसरा डोंबिवलीला, कल्याण-शीळ रस्त्यावर. पाकिटावर नुसते ‘मानपाडा’ लिहिले तर पत्र भलतीकडेच जायचे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

बैठकीच्या खोलीत वाय-फाय उत्तम, आणि मागच्या खोलीत, म्हणजे नेमके तुम्ही अभ्यासाला बसता तेथे, ते रडतखडत चालते. असे का व्हावे? वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच. त्यांची कंपनसंख्या सुमारे २४०० मेगाहर्ट्झ असते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला २४० कोटींनी भागा. उत्तर येते साडेबारा सेंटिमीटर. ही झाली तरंगलांबी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. घरात तर भिंतीही असतात. विटांची भिंत लहरींचा काही भाग शोषते, काँक्रीटमधल्या सळ्या काही भाग परतवतात आणि लोखंडी कपाट तर वाटच अडवते. (कपाटाच्या अलीकडे व पलीकडे मोबाइल धरून पाहा.) ५००० मेगाहर्ट्झच्या लहरी अवघ्या ६ सेंटिमीटरच्या, त्या भिंतीत अधिकच लवकर थकतात.

मग दुसरे उपकरण जवळ आणून ठेवावे, हे ओघानेच आले. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगल यांनी वाय-फाय सुरू केले. एवढे मोठे स्थानक एका पेटीने भागत नाही. जागोजागी पेट्या बसवून त्या तारेने जोडाव्या लागतात. अशा पेटीला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. माळ्यावर पडलेला स्वस्तातला राउटरही हे काम करू शकतो.

राउटर तीन कामे करतो. घरचे जाळे बाहेरच्या जाळ्याशी जोडतो, घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटतो आणि लहरींवरून बोलतो. आपल्याला हवे आहे फक्त तिसरे काम.

२०२० च्या टाळेबंदीत मी घाईने नुसती तार जोडली. मोबाइलवर पट्ट्या साऱ्या उमटल्या, पण इंटरनेट नाही! थोड्या वेळाने पुढच्या खोलीतलेही बंद पडले आणि मुलीचा गणिताचा तास बुडाला. दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच होता. घरात दोन मानपाडे! शिवाय दोघेही पत्ते वाटत बसले होते. जुन्याकडून पत्ता घेणारा मोबाइल बाहेरची वाटही त्यालाच विचारी, आणि त्याच्यापाशी ती नव्हतीच.

तेव्हा क्रम असा ठेवा. जुना राउटर तारेने संगणकाला जोडून त्याचे सेटिंगचे पान उघडा. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, मुख्य राउटर जे पत्ते वाटतो त्यांत हा नसावा. नव्या पत्त्यावर पुन्हा जाऊन वाय-फायचे नाव व सांकेतिक शब्द मुख्य राउटरसारखेच द्या. सर्वांत शेवटी डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करा. आता मुख्य राउटरच्या लॅन खाचेतून आलेली तार जुन्याच्याही लॅन खाचेतच लावा. वेगळ्या रंगाच्या वॅन खाचेत लावली, तर तो पुन्हा राउटरगिरी करू लागेल. तार १०० मीटरपर्यंत चालते. घराला तेवढी पुरून उरते. काही राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्यायच असतो. तो निवडला की ही खटपट वाचते.

वाहिनीचेही पाहावे लागते. २४०० च्या पट्ट्यात वाहिन्या पाच-पाच मेगाहर्ट्झवर मांडलेल्या आहेत, पण प्रत्येकीला जागा लागते सुमारे वीसची. म्हणून शेजारच्या वाहिन्या एकमेकींत मिसळतात. मुख्य राउटर १ वर असेल, तर जुना ६ किंवा ११ वर ठेवा.

सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ निवडा. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत सहज फोडता येते. ज्या राउटरात तेवढी एकच पद्धत असेल, तो माळ्यावरच राहू द्या.