आकडा 702 आला, म्हणून?

रोहा शहराला खेटून असलेल्या वरसे गावासारखी एखादी ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणा. समजा, तिच्या जन्मनोंदवहीत वर्षभरात 80 बाळांची नोंद झाली: 47 मुलगे, 33 मुली. हजार मुलग्यांमागे मुली किती, असा हिशेब मांडला की 702 येतात. (आकडे उदाहरणापुरते घेतलेत, वरसे गावाच्या दप्तरातले नाहीत.) हा 702 बातमीत गेला की पुढे काय होतं ते आपण जाणतो. मथळा चढतो, जवळच्या सोनोग्राफी सेंटरकडे बोटं वळतात, पुढच्या ग्रामसभेत विषय गाजतो. पुढल्या वर्षी तोच आकडा 1,050 झाला तर सत्कार ठरलेला. अशा वेळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवलेलं परिकल्पना परीक्षण कामाला येतं. पण ते जेवढं वापरलं जातं, त्याहून अधिक चुकीचं वाचलं जातं.

पहिली गफलत सुरुवातीलाच होते. शून्य परिकल्पना, म्हणजे ‘वेगळं काही घडलेलं नाही’ हे चाचणीचं गृहीतक, ‘मुलगे-मुली निम्मे निम्मे’ असं धरलं जातं. निसर्गाचा हिशेब तसा नाही. कुठलीही ढवळाढवळ नसेल तरी साधारण 100 मुलींमागे 105 मुलगे जन्माला येतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे 952 मुली. त्यामुळे मुलींचं अपेक्षित प्रमाण 0.50 नसून 0.488 आहे. 80 जन्मांत 39 मुली अपेक्षित, आल्या 33. सहाचा फरक. आता निव्वळ योगायोगाने हा आकडा किती हलतो? प्रमाण त्रुटी येते साधारण साडेचार मुलींची. सहाला साडेचाराने भागलं की 1.35 हा झेड मिळतो आणि पी-मूल्य 0.18 च्या आसपास येतं. अचूक द्विपद गणित केलं तर ते आणखी थोडं वाढतं.

हे 0.18 कसं वाचायचं, इथे भले भले घसरतात. ‘गाव निर्दोष असण्याची शक्यता 18 टक्के’ हे सर्रास ऐकू येणारं वाचन साफ चूक आहे. पी-मूल्य काढताना आपण ‘सगळं नैसर्गिक चाललंय’ हे आधीच खरं धरलेलं असतं. जे खरं धरून गणित सुरू केलं, त्याचीच शक्यता त्या गणिताच्या शेवटी कशी निघेल? 0.18 एवढंच सांगतं की सगळं सुरळीत असलेल्या गावांतही, शंभरापैकी अठरा वर्षांत आकडा इतका किंवा याहून जास्त ढळलेला दिसेल, या बाजूला नाहीतर त्या बाजूला. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला 2016 साली चक्क निवेदन काढून हा खुलासा करावा लागला, यावरून गैरसमज किती खोल रुजलाय ते कळतं.

दुसरं टोक याहून धोक्याचं. 0.18 हे 0.05 या रूढ मर्यादेपेक्षा मोठं, म्हणजे शून्य परिकल्पना ‘सिद्ध झाली’, गावात गडबड नाही, फाईल बंद. असं मुळीच नाही. समजा त्या गावात खरोखरच गर्भलिंगनिदान चालतं आणि खरं गुणोत्तर 850 वर आलेलं आहे. 80 जन्मांच्या नमुन्यावर पाच टक्के पातळीची चाचणी लावली तर ही गडबड पकडली जाण्याची शक्यता किती? सुमारे आठ टक्के. म्हणजे शंभरातली 92 वर्षं चाचणी ‘काही आढळलं नाही’ असंच म्हणणार. पाचातल्या चार वेळा तरी पकडायचं असेल, तर 2,400 च्या आसपास जन्म हवेत. वर्षाला 80 प्रमाणे तीस वर्षांची नोंदवही! तोवर 702 वर ओरडणाराही चूक आणि ‘बघा, काही निघालं नाही’ म्हणून हात झटकणाराही चूक. या नमुन्यातून ठामपणे काही कळत नाही, एवढंच खरं उत्तर आहे, आणि ते ऐकायला कुणाला आवडत नाही.

संख्या मोठी झाली की चित्र पालटतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, बीड जिल्ह्यात 807. बीडचं सोडा, राज्याचा 894 हा आकडा 702 च्या तुलनेत सौम्य वाटतो. पण त्यामागे एक कोटीहून जास्त मुलं आहेत. तिथे झेड शंभराच्या वर जातो. योगायोगाला तिथे जागाच उरत नाही. लहानपणी दगावणाऱ्या मुलांचा परिणाम या आकड्यात थोडा मिसळलेला असतो हे खरं, पण एवढ्या तुटीचं ते कारण ठरू शकत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. हा प्रश्न मोठ्या आकड्यांत दिसतो, एका गावाच्या एका वर्षात नाही.

आणखी एक गंमत. शंभर गावांची यादी घेऊन प्रत्येकाला पाच टक्के पातळीची चाचणी लावली, तर सगळी गावं धुतल्या तांदळासारखी असली तरी पाचएक गावं ‘दोषी’ ठरणार. मग बातमी त्या पाचांचीच होते. आधी आकडे पाहायचे, मग सोयीची बाजू निवडून फक्त त्याच बाजूची एकपुच्छ चाचणी लावायची, म्हणजे 0.18 चं 0.09 करून घ्यायचं, हाही त्याच जातीचा खेळ. बाजू आकडे बघण्याआधी ठरवायची असते.

आणि परिकल्पना नाकारली गेली, तर आपलं आवडतं कारण खरं ठरलं का? इतिहासातली पहिली म्हणावी अशी सार्थकता चाचणी नेमकी याच विषयावर झाली. जॉन आर्बथनॉटने 1710 साली लंडनच्या 82 वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहिल्या. दरवर्षी मुलगे जास्त. निम्म्याची शक्यता धरली तर असं सलग 82 वेळा घडणं जवळपास अशक्य. इथवर त्याचं गणित चोख. मग त्याने निष्कर्ष काढला की ही ईश्वरी योजना आहे, आणि त्यावरून बहुपत्नीत्व निसर्गविरोधी ठरवलं! चाचणीने फक्त ‘निम्मे निम्मे’ नाकारलं होतं, बाकीचं सगळं आर्बथनॉटचं.

सरासरीच्या चाचणीतही हेच घोळ, फक्त वेष वेगळा. पेणचे पोहे घ्या. पाकिटावर 500 ग्रॅम छापलंय. समजा 25 पाकिटं तोलली: सरासरी 497, प्रमाण विचलन 10 ग्रॅम. प्रमाण त्रुटी 10 भागिले 25 चं वर्गमूळ, म्हणजे 2 ग्रॅम. फरकाला प्रमाण त्रुटीने भागून टी आला उणे 1.5, पी-मूल्य 0.15. ‘सार्थक नाही.’ आता तेच 497 आणि तेच 10, पण पाकिटं 100 तोलली. प्रमाण त्रुटी 1 ग्रॅम, टी उणे 3, पी-मूल्य 0.003. ‘अत्यंत सार्थक!’ पोहे तेच, तूट तीच तीन ग्रॅमची. बदलली ती फक्त आपली खात्री. सार्थक म्हणजे मोठं, महत्त्वाचं किंवा लबाडीचं, असा अर्थ लावणारा इथे फसतो. वेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांत 500 ग्रॅमच्या एका पाकिटाला 15 ग्रॅमपर्यंत चूक चालते, मात्र तपासलेल्या पाकिटांची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. तीन ग्रॅमने किती बिघडतं हे ग्राहकाने आणि वजनमापे निरीक्षकाने ठरवायचं, पी-मूल्याने नाही. त्यापेक्षा 25 पाकिटांचा 95 टक्के विश्वास अंतराल सांगा: सुमारे 493 ते 501 ग्रॅम. ऐकणाऱ्याला तूट किती असू शकते आणि आपल्याला किती कमी माहीत आहे, दोन्ही एका दमात कळतं.

तो 0.05 चा आकडा तरी कुठून आला? रोनाल्ड फिशरच्या 1925 च्या पुस्तकातून तो रूढ झाला. विसात एक ही मर्यादा त्याने सोयीची म्हणून सुचवली होती. 0.049 ला टाळ्या आणि 0.051 ला केराची टोपली, ही आपली भर.

राहिला सर्वांत लोकप्रिय समज: नमुना मोठा घेतला की निकाल आपोआप बरोबर. ज्या रोह्यात चिंतामणराव देशमुखांचं बालपण गेलं, त्या परिसराला हा मुद्दा भाताच्या रूपाने कळेल. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ते सर्वांना माहीत असतात, पण 1945 पासून जवळजवळ वीस वर्षं ते कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे अध्यक्षही होते. त्याच काळात संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यात नमुन्यादाखल पीक कापून उत्पन्नाचा अंदाज काढण्याच्या पद्धतीवरून वाद रंगला. सुखात्मे लंडनमध्ये नेमन आणि ईगन पिअर्सन यांच्या हाताखाली शिकून आलेले, म्हणजे परिकल्पना परीक्षणाच्या ऐन माहेरघरी. शेतात अगदी छोटे तुकडे आखून कापणी केली तर उत्पन्न फुगून येतं, हे त्यांनी दाखवलं. कारण साधं आहे. हद्दीच्या दोरीवर आलेला भातरोपांचा चूड आत धरायचा की बाहेर? कापणारा बहुतेक वेळा तो आत घेतो. तुकडा जेवढा लहान, तेवढा क्षेत्राच्या मानाने हद्दीचा भाग मोठा, आणि चूकही मोठी. असे तुकडे शंभराऐवजी दहा हजार घेतले तरी ही फूग जात नाही. उलट प्रमाण त्रुटी आक्रसते, टी वाढतो, आणि चुकीचं उत्तर अधिक ठामपणे हाती येतं. जन्मनोंदणीतही असंच: मुलीच्या जन्माची नोंद करायलाच कुणी उशीर करत असेल, तर आधी नोंदी पूर्ण करून घ्याव्या लागतात, झेडचं गणित त्यानंतरचं.