पक्षी बघायला दुर्बीण कोणती घ्यावी?

मागे आपण गच्चीवरच्या पक्ष्यांविषयी बोललो, तेव्हा पुष्कळजणींनी एकच विचारलं, दुर्बीण कोणती घ्यावी? आमच्या बचत गटाने या खरेदीत एकदा पैसे घालवलेत, म्हणून सांगायचा हक्क आम्हाला आहे.

पहिली दुर्बीण आम्ही खोक्यावरचा आकडा बघून घेतली. शंभर पट झूम! मोशीजवळ इंद्रायणीच्या काठी नेली तर पाण्यावर हलणारे तपकिरी ठिपके दिसले आणि दहा मिनिटांत डोकं दुखायला लागलं. पुढे एका ताईंनी त्यांची साधी 8×42 डोळ्याला लावायला दिली. तीच बदकं, पण चोचीचं टोक पिवळं, बुडाशी तांबडा ठिपका. हळदीकुंकू बदक! नाव आजीकडून ऐकलं होतं, ते का पडलं हे त्या दिवशी कळलं.

आता हे आकडे. 8×42 मधला आठ म्हणजे पट. 80 मीटरवरचा पक्षी 10 मीटरवर असल्यासारखा दिसतो. पण पक्ष्यासोबत आपल्या हाताची थरथरही आठपट होते, आणि पट वाढली की दिसणारा भाग लहान होतो. जास्वंदीवर नाचणारा शिंजीर मग सापडतच नाही. म्हणून आठ पुरे, फार तर दहा. बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तर उजेड जास्त. 42 ला 8 ने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची ही जाडी. पर्समध्ये मावणाऱ्या 8×21 ला हीच जाडी अडीचच्या थोडी वर भरते. दुपारी ती चालते, पण पक्षी जागे असतात पहाटे, आणि तेव्हा सगळं अंधुक. 8×42 चं वजन पाऊण किलोच्या आसपास जातं. मान दुखत असेल तर 8×32 बघा, आणि पट्टा रुंद घ्या.

दुकानात दुर्बीण डोळ्याला लावल्याशिवाय पैसे देऊ नका. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं. दोन्ही नळ्या पूर्ण जवळ आणूनही दोन गोल दिसत राहिले, तर ती आपली नव्हे. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी वाटी आत फिरवून किंवा दुमडून बघा. कडा काळ्या दिसता कामा नयेत. 5 ते 12 नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो. तेव्हाच्या फेऱ्यांत लोक आपली दुर्बीण हौसेने बघायला देतात. घेण्याआधी दोन-चार लावून बघायला याहून बरी संधी नाही.

घरी आणल्यावर एक काम करावंच लागतं. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने समोरची पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवा. कडीची ती खूण लक्षात ठेवा. आमच्यात एकच दुर्बीण सहाजणींत फिरते, म्हणून खुणा वहीत लिहिल्यात! पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवायची नाही, दुर्बीण डोळ्यापर्यंत आणायची. खाली बघून दुर्बीण चाचपलीत की पक्षी गेला. आणि सूर्याकडे कधीही नाही, मुलांना तर बजावून सांगा.

चाकणकडे प्लॉटिंग होऊनही मोकळे राहिलेले माळ आहेत. उन्हाळ्यात तिथे माळटिटवी उघड्यावर, खड्यांत अंडी घालते. जवळ गेलं की ती ओरडत उठते, अंडी उन्हात राहतात, कावळ्यांचं फावतं. दुर्बीण खरी कामाला येते ती इथे. लांब थांबायचं, मातकट किंवा हिरवे कपडे घालायचे, भडक दुपट्टा पिशवीत. मात्र कंपन्यांच्या गेटकडे दुर्बीण रोखू नका, आणि देहूरोड-दिघीच्या लष्करी हद्दीजवळ तर ती बाहेरच काढू नका. गच्चीवरून बघताना शेजारच्या वहिनींना आधी बोलावून एकदा दाखवा. आमच्या एकीला ‘खिडकीत काय बघतेस?’ असं ऐकावं लागलं होतं. आता त्याच वहिनी ताबंट दिसला की हाक मारतात.

भिंगं पदराने पुसायची नाहीत. धूळ म्हणजे बारीक वाळू, तिने ओरखडे पडतात. आधी मऊ ब्रशने झटकायची, मग चष्म्याच्या कापडाने हलकेच पुसायचं. पावसाळ्यात कपाटातल्या दमटपणाने आतून बुरशी धरते. आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांत येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवतो. त्या डब्यात खाऊ भरायचा नाही, हे घरच्यांना दोनदा सांगावं लागलं.