इंद्रजालनंतर कुठून सुरुवात करायची?

लांजा तालुक्यात माचाळच्या डोंगरावर मुचकुंद ऋषींची गुहा दाखवतात. मुचकुंदी नदीही तिथूनच निघते. देवांच्या बाजूनं लढून थकलेल्या या राजानं वर म्हणून झोप मागून घेतली, कालयवनाच्या लाथेनं तो जागा झाला आणि गुहेबाहेर येऊन पाहतो तो माणसं, झाडं, सगळंच खुजं झालेलं, अशी पुराणातली कथा. वेताळ, मँड्रेक आणि बहादूर यांच्यावर वाढलेली आणि 1990 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स बंद पडल्यावर हे वाचन सुटलेली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. ती पुन्हा या वाटेला वळते तेव्हा तिचा अनुभव मुचकुंदाच्या उलटा असतो, कारण मधल्या काळात जग अवाढव्य झालेलं दिसतं. स्पायडरमॅनचे साठ वर्षांचे अंक, बॅटमॅनच्या एकाच वेळी चालणाऱ्या चार-पाच मालिका, मेलेले नायक, परत आलेले नायक, समांतर विश्वं. ‘काय वाचू?’ असं विचारलं की जाणकारांकडून ठरलेली दोन उत्तरं येतात. एक, पहिल्या अंकापासून सुरू करा. दोन, सर्वोत्कृष्ट दहांची यादी घ्या. माझ्या मते दोन्ही उत्तरं परतणाऱ्या वाचकाला दारातूनच माघारी पाठवतात. त्याला काय द्यायचं हे त्यानं जे सोडलं त्यावरून ठरवायला हवं, आणि जे द्यायचं ते सुरू होऊन संपणारं हवं.

यासाठी इंद्रजाल म्हणजे नेमकं काय होतं ते नीट पाहायला हवं. ली फॉक यांचा मँड्रेक 1934 मध्ये आणि वेताळ 1936 मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांत अवतरला. तिथे दोघंही रोज तीन-चार चौकटींनी पुढे सरकायचे आणि एक कथा महिनोन्महिने चालायची. मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनानं मार्च 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं, तेव्हा या पट्ट्या जोडून, चौकटी कापून-छाटून एका अंकात बसवल्या. वेताळाच्या बंगाला देशाचं डेंकाली झालं. पुढच्या पाव शतकात आठशेवर अंक निघाले, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. वाचकाच्या हाती पडायची ती बहुतेक वेळा एक अख्खी गोष्ट. कुठलाही अंक मिळो, मागचा वाचलेला असो वा नसो, कवटीची गुहा, अंगठीचा ठसा आणि बापाकडून मुलाकडे जाणारी ती शपथ पहिल्या दोन पानांत पुन्हा सांगितली जायची. आज इंग्रजी कॉमिक्सचे वाचक ज्याला ‘स्टोरी आर्क’ म्हणतात, म्हणजे चार-सहा अंकांत पुरी होणारी आणि पुढे एका पुस्तकात बांधली जाणारी कथा, तिची सवय या वाचकाला आधीपासून आहे. सलग तीस वर्षांचा इतिहास पाठ करण्याची सवय मात्र त्याला कधीच नव्हती, आणि ती आता लावून घ्यायचं काही कारण नाही.

आधी बहादूरच्या वाचकाचं पाहू, कारण त्याचं उत्तर सर्वांत सोपं आहे. आबिद सुरती यांनी 1976 मध्ये घडवलेला बहादूर हा दरोडेखोराचा मुलगा. त्याच्या बापाला गोळी घालणारा पोलीस अधिकारी विशाल हाच त्याला वाढवतो. केशरी कुर्ता आणि जीन्स घालणाऱ्या या नायकाकडे कुठलीही अद्भुत शक्ती नाही. प्रश्न आहे तो कायदा, सूड आणि गावाच्या संरक्षणाचा. अशा वाचकाला फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांची ‘बॅटमॅन: इयर वन’ द्यावी. ती 1987 मध्ये चार अंकांत आली आणि तिथेच संपली. नाव बॅटमॅनचं असलं तरी कथेचा कणा आहे जिम गॉर्डन, भ्रष्ट पोलीस खात्यात बदलून आलेला, बायको गरोदर असलेला, स्वतःही चुकणारा अधिकारी. शेवटच्या अंकात त्याचं तान्हं मूल पुलावरून खाली पडतं आणि मुखवटा न घातलेला बॅटमॅन, म्हणजे ब्रूस वेन, झेप घेऊन त्याला झेलतो. दोघं समोरासमोर उभे राहतात. गॉर्डनचा चष्मा पडलेला असतो; आपल्याला चष्म्याशिवाय काही दिसत नाही, असं तो सांगतो आणि त्या माणसाला जाऊ देतो. त्याला खरंच दिसलं नाही की त्यानं पाहायचं नाकारलं, हे चित्रकार सांगत नाही. विशाल आणि बहादूर यांच्या नात्यातला ताण ज्यानं लहानपणी अनुभवला, त्याला या पानाची ओळख करून द्यावी लागणार नाही.

वेताळाचा वाचक अधिक अवघड, आणि माझ्या मते अधिक तयारीचाही. वेताळ मरत नाही असं जंगल मानतं. प्रत्यक्षात तो एकविसावा असतो. पोशाख तोच, माणूस वेगळा. पोशाखामुळे माणूस मोठा होतो की माणसामुळे पोशाख, हा प्रश्न त्या वाचकानं नकळत शेकडो पानं बाळगलेला आहे. शिवाय त्याचा नायक अविवाहित राहिला नाही: 1977 मध्ये डायनाशी लग्न झालं, 1979 मध्ये जुळी मुलं झाली. म्हणून त्याच्यासाठी माझी निवड ‘क्रेव्हन्स लास्ट हंट’. जे. एम. डीमॅटिस यांनी लिहिलेली आणि माइक झेक यांनी रेखाटलेली ही स्पायडरमॅनची सहा भागांची कथा 1987 सालची. क्रेव्हन हा म्हातारपणाकडे झुकलेला शिकारी नुकतंच लग्न झालेल्या स्पायडरमॅनला गोळी घालून पुरतो आणि त्याचा पोशाख स्वतः चढवून शहरात फिरतो. आपण त्याच्याहून सरस स्पायडरमॅन आहोत हे त्याला सिद्ध करायचं असतं. सगळं तो बरोबर करतो, फक्त दयेचा भाग त्याला कळतच नाही. दोन आठवड्यांनी पीटर, म्हणजे खरा स्पायडरमॅन, माती उकरून वर येतो तो सूड घ्यायला धावत नाही. आधी बायकोकडे जातो. डीमॅटिस हे मेहेरबाबांचे अनुयायी, पुण्यात जन्मलेल्या आणि अहिल्यानगरजवळ मेहेराबादला समाधी असलेल्या मेहेरबाबांचे. या कथेतला अहंकाराचा आणि भीतीचा शोध त्या श्रद्धेशी जोडणं हा माझा अर्थ आहे, पण ती पानं वाचताना तो दूरचा वाटत नाही.

मँड्रेकच्या वाचकासाठी ब्रायन के. व्हॉन आणि मार्कोस मार्टिन यांची ‘डॉक्टर स्ट्रेंज: द ओथ’, पाच अंक, 2006-07. जादूगार आणि त्याचा साथीदार ही मँड्रेक-लोथारची जोडी इथे स्ट्रेंज आणि वाँग यांच्या रूपात भेटते, आणि कथा उभी राहते ती या साथीदाराच्या दुखण्यावर. लोथारला सुरुवातीच्या काळात मिळालेलं नोकराचं स्थान आठवून आज अवघडल्यासारखं होतं. वेताळाच्या जंगलातला गोरा रक्षक आणि त्याला मानणारे बांदार टोळीचे लोक यांच्याबाबतही तेच. जुने अंक पुन्हा काढून देण्यापेक्षा नवी कथा द्यावी असं मी म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

यावर पहिला आक्षेप असा की मागचं ठाऊक नसेल तर कळणार कसं? काही कथांबाबत तो खरा आहे. 1973 मध्ये स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा मृत्यू झाला त्या दोन अंकांत स्पायडरमॅनचं जाळं तिचा पाय पकडतं आणि तिच्या मानेपाशी एक छोटं ध्वन्यक्षर उमटतं; वाचवणाऱ्याच्याच हातून ती गेली की काय, ही शंका तिथून सुरू होते. पण ग्वेनवर आधी काही वर्षं जीव जडलेला नसेल तर ते अक्षर नुसतं अक्षर राहतं. म्हणून ही कथा थोर असूनही पहिली देऊ नये. उलट ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या ‘ऑल-स्टार सुपरमॅन’मध्ये (2005-08, बारा अंक) नायकाची सगळी जन्मकथा पहिल्या पानावर चार चौकटींत आणि इंग्रजी आठ शब्दांत आटोपते. ज्यांना एवढंही पुरतं, त्यांच्यासाठी इतिहास हा अडसर नसतो. पुढे एका पानावर इमारतीच्या कठड्यावर उभी असलेली एक मुलगी आहे. सुपरमॅन येतो, तिच्या खांद्यावर हात ठेवतो, चार शब्द बोलतो, तिला जवळ घेतो. पानावर दुसरं काहीही घडत नाही. गेल्या पन्नास वर्षांतलं सुपरमॅनचं सर्वांत चांगलं पान मला तेच वाटतं.

दुसरा आक्षेप ‘वॉचमेन’ आणि ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ यांना वगळल्याचा. दोन्ही श्रेष्ठ आहेत. पण दोन्ही कृती या कथाप्रकाराच्या आधीच्या सगळ्या वाटचालीशी भांडण मांडतात. जो वाचक नुकता परततो आहे त्याच्या मनात तो वाद अजून उभा राहिलेला नाही. त्याला आधी प्रेम आठवू द्यावं. वर्षभर वाचून झाल्यावर हीच दोन पुस्तकं त्याला दुप्पट देतील.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: लांज्यासारख्या ठिकाणी ही पुस्तकं इंग्रजीत, महाग, आणि दुकानात नाहीत. ‘स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट 2023 मध्ये मराठीतही डब होऊन आला, त्यातला पवित्र प्रभाकर 2004 च्या ‘स्पायडरमॅन: इंडिया’ या चार अंकी मालिकेतला, मुंबईत राहणारा. छापील पुस्तकाच्या बाबतीत मराठी वाचकाची अशी दखल घेतलेली दिसत नाही. (ती मालिका मी सुचवत नाही, मुंबई तिथे बहुतांशी देखाव्यापुरती आहे.) पण चित्रपटानं भागेल असं म्हणणाऱ्यांनी गॉर्डनच्या चष्म्याचं ते पान आठवावं: त्या चौकटीवर किती वेळ थांबायचं हे पडद्यावर दिग्दर्शक ठरवतो, पुस्तकात वाचक. भाषेचं म्हणाल तर या कथांतली इंग्रजी तुटक, संवादाची आहे आणि अर्ध्याहून अधिक काम चित्र करतं. खर्चाचा प्रश्न एकट्या वाचकाचा असायला नको. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित वाचनालयं उभी राहिली. तालुक्याच्या वाचनालयानं वर्षाच्या खरेदीत या चार बांधीव पुस्तकांना जागा दिली, तर बालविभागात न टाकता ती कादंबऱ्यांच्या कपाटात लावावीत. आणि सभासदानं पहिल्यांदा मागितलं तर ‘इयर वन’ द्यावं, कारण ते चारांत सर्वांत लहान आणि सर्वांत जमिनीवरचं आहे.