दुकानाच्या पाटीवरील प्रकाशाक्षरे

नाशिकजवळच्या आमच्या एकलहरे गावाचे नाव निघाले की ऐकणाऱ्यास प्रथम आठवते ते तेथील औष्णिक वीज केंद्र. 1970 च्या सुमारास त्याचे पहिले संच चालू झाले आणि पुढे प्रत्येकी 210 मेगावॅटचे तीन संच बसले. परंतु आज मला वीज निर्माण कशी होते हे सांगावयाचे नसून, त्याच विजेने दुकानाचे नाव कसे लिहावे याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

हल्ली दुकानांवर जी प्रकाशणारी अक्षरे दिसतात, त्यांतील प्रत्येक अक्षर म्हणजे एक पोकळ डबी असते. तिच्या कडा ॲल्युमिनियमच्या अथवा पोलादी पत्र्याच्या, तोंडावर दुधी ॲक्रिलिक आणि पोटात एलईडीचे बारीक दिवे. धंद्यातील लोक यांस चॅनेल लेटर किंवा थ्रीडी अक्षरे म्हणतात. पूर्वी हे काम निऑनच्या वाकविलेल्या काचनळ्या करीत. जॉर्ज क्लोद याने 1910 साली पॅरिसमध्ये त्या प्रथम लोकांपुढे मांडल्या. पुढे निळ्या एलईडीचा शोध लागला, त्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप देऊन पांढरा प्रकाश मिळू लागला, आणि निऑन मागे पडला. त्या निळ्या दिव्याच्या तिघा संशोधकांस 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे अनेकांस ठाऊक असेलच.

ही कला रोमन लिपीसाठी घडली. तेथे प्रत्येक अक्षर सुटे उभे असते, वर-खाली फारसे काही लोंबत नाही. आपल्या देवनागरीस शिरोरेषा आहे, वेलांट्या-मात्रा आहेत, उकार आहेत आणि अनुस्वाराचा तो एकटा पडलेला टिंब आहे. इंग्रजी अक्षरांचा आराखडा आधी करून मराठी नाव नंतर त्यात कोंबावयाचे, असा जो परिपाठ पडला आहे, त्याने मराठी नावाची दुर्दशा होते. मराठी नाव आधी मांडावे व इंग्रजीने त्याच्या मागून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याची दिशाही तीच आहे. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात 2022 साली दुरुस्ती होऊन, नोकरांची संख्या कितीही असो, प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरी लिपीत मराठीत असणे आवश्यक झाले. शिवाय मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत. सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 रोजी दुकानदारांस त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती.

आता येथील मेख पाहा. इंग्रजी अक्षर बारा इंच उंच घेतले, आणि मराठी शब्दही वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत बाराच इंच घेतला, तर मापाची पट्टी समाधान पावते. पण शिरोरेषेखालचे मूळ अक्षर उरते जेमतेम आठ इंचांचे! वाचणाऱ्याचा डोळा त्या मूळ अक्षरावरच ठरतो. यास्तव पाटीवाला इंचाचा भाव सांगू लागला म्हणजे प्रथम विचारावे, ‘इंच कोठून कोठपर्यंत?’ माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच धरावे आणि मात्रा-उकारांसाठी त्याच्या निम्म्याइतकी जागा वर-खाली मिळून निराळी सोडावी. दर दहा फूट अंतरास एक इंच उंची, हा ढोबळ हिशेब पाटीवाले वापरतात. रस्त्यापलीकडून, म्हणजे साठ फुटांवरून नाव स्वच्छ वाचता यावयाचे असेल, तर मूळ अक्षर सहा इंचांहून कमी नको. मागच्या बाकावरील मुलास दिसेल असे फळ्यावर लिहिण्यात ज्याचा जन्म गेला, त्यास हे पटवावे लागत नाही.

शिरोरेषेचे काय करावे? कोणी ती अक्षराअक्षरागणिक तोडतात. मग रात्री प्रकाशाची रेघ दाताळलेली दिसते. कोणी ती अजिबात गाळतात. ते तर मला मुळीच मान्य नाही, कारण भ व म, ध व घ यांतील भेद दुरून ओळखण्यास शिरोरेषेतील ती लहानशी फट मोठी उपयोगी पडते. सबंध शब्दाची एकच डबी करणे सर्वांत उत्तम. मात्र ॲक्रिलिक उन्हाने फुगते. आठ फुटांचा तुकडा तीस अंश तापला तर सुमारे पाच मिलिमीटर लांबतो. कडेला तेवढी मोकळीक ठेवली नाही, तर वैशाखात पाटी तडकलीच म्हणून समजा.

अनुस्वाराचा टिंब म्हणजे स्वतंत्र डबी. तिला दिवा निराळा, तार निराळी, भिंतीतील भोकही निराळे. समजा, पाटी ‘आनंद किराणा भांडार’ अशी आहे. त्या दोन टिंबांतील दिवे विझले की उरते ‘आनद किराणा भाडार’! म्हणून टिंबात एकाऐवजी दोन दिवे घालण्याचा आग्रह धरावा. 1962 च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, हे पाटीवाल्यांवर मोठेच उपकार झाले म्हणावयाचे.

अक्षराचे वळण जाड व एकसारख्या रेघेचे असावे. बोरूच्या वळणाची जाड-बारीक रेघ कागदावर शोभते, पण डबीच्या बारीक भागात दिवाच मावत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेली ‘मुक्ता’ व ‘बालू’ ही वळणे कोणासही विनामूल्य वापरता येतात. पैकी जाडजूड ‘बालू’ या कामास विशेष सोयीचे. डबी उथळ असली की आतील दिवे ठिपक्यांसारखे दिसतात. अडीच-तीन इंच खोली असू द्यावी. प्रकाश अक्षरामागून भिंतीवर पाडावयाचा असेल, तर भिंत चकचकीत नको, नाही तर तीत दिव्यांचीच प्रतिबिंबे दिसतात.

नाशिकच्या पावसाचे पाणी डबीत शिरणारच. ते बाहेर जाण्यास सर्वांत खालच्या जागी भोक हवे. इंग्रजीची सवय झालेला कारागीर ते अक्षराच्या पायाशी पाडतो, आणि पाणी साचते उकाराच्या पोटात!

दिवे बारा व्होल्टचे असतात. साठ वॅटच्या वीजपुरवठा-पेटीवर अठ्ठेचाळीस वॅटांहून अधिक भार घालू नये, आणि ती पेटी हात पोहोचेल अशा कोरड्या जागी असावी. अशी साठ वॅटची पाटी रोज पाच तास लावली तरी महिन्यास नऊच युनिटे जळतात. एकलहऱ्याच्या 210 मेगावॅटच्या एका संचावर अशा पस्तीस लाख पाट्या उजळतील!

पाटी छपराच्या वर आकाशात उभारावयाची असेल, तर महानगरपालिकेच्या हद्दीत 1949 च्या अधिनियमाच्या कलम 244 प्रमाणे आयुक्तांची लेखी परवानगी लागते. 13 मे 2024 रोजी घाटकोपर येथे वादळात जाहिरातफलक कोसळून सतरा माणसे दगावली, तेव्हा बांधणीकडे कानाडोळा नको.

पत्रा कापण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. नाव पूर्ण आकारात कागदावर काढून दुकानावर चिकटवावे, आणि रस्त्यापलीकडे उभे राहून दुपारी एकदा व दिवेलागणीस एकदा वाचून पाहावे. सोबत चाळिशी लागलेला एखादा शेजारी असल्यास फारच चांगले.